रक्ताचे नाते : थोडा इतिहास, थोडा घरचा अनुभव



मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटून झाल्यावर आपण सगळ्याजणी बसलो होतो. कोणाची तरी नवी नात मांडीवर होती. एकीने म्हटले, "नाक अगदी आजीचे." दुसरी म्हणाली, "रंग मात्र बापाचा." त्यावरून एकेक प्रश्न निघत गेला. मुलात रक्त कोणाचे, आईचे की बापाचे? लागोपाठ मुलीच झाल्या तर दोष कोणाचा? मामाची मुलगी करणे चांगले की वाईट? कोणालाच नीट सांगता येईना. तेव्हा अध्यक्षबाईंनी हे काम माझ्या गळ्यात घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची आवड आहे, आणि या प्रश्नाने माझ्या घरचा उंबरठा ओलांडलेला आहे. म्हणून वाचनालयातील पुस्तके व मुलीची शाळेची पुस्तके चाळून जे समजले ते लिहिण्याचे धाडस करीत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

"खाण तशी माती" असे आपण म्हणतो, म्हणजे आईबापांचे गुण मुलांत उतरतात हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. कसे उतरतात, याबद्दल मात्र दोन मते होती. स्मृतिकारांनी पुरुषाला बीज व स्त्रीला क्षेत्र, म्हणजे शेत, असे म्हटले. शेताने फक्त पोसावयाचे, पीक बियाण्याप्रमाणेच येणार. आपल्या वैद्यांचे मत याहून निराळे होते. चरकसंहितेत मुलाचे केस, नखे, दात, हाडे ही पित्याकडून, तर कातडी, रक्त, मांस, हृदय ही मातेकडून येतात असे सांगितले आहे. ही वाटणी आजच्या शास्त्राला मान्य नाही. परंतु मूल दोघांचेही असते, हे त्या वैद्यांनी ओळखले होते.

आपल्या जिल्ह्यातल्या शेळी पाळणाऱ्या बायांनाही हे ठाऊक आहे. आपली उस्मानाबादी शेळी काळ्याभोर रंगासाठी आणि जुळ्या करडांसाठी देशभर नावाजलेली आहे. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, शेळीचे जुनेच राहिले. आता पाहा, कळपासाठी बोकड निवडताना जाणती बाई विचारते, "याची आई जुळी देत होती का?" बोकड काही स्वतः वीत नाही. तरी आईचा तो गुण त्याच्या अंगात लपून राहतो आणि पुढे त्याच्या लेकींत उघड होतो, हे तिला अनुभवाने कळलेले असते. आणखीही एक गोष्ट ती पाळते. बोकडाच्या लेकी मोठ्या झाल्या की ती बोकड बदलते. नाही तर करडे कमजोर निपजतात. हे ध्यानात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

गुण लपून राहतो कसा, याचे उत्तर एका मठातल्या साधूने शोधले. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल, गाव ब्रनो, ते आज चेक देशात आहे. मठाच्या बागेत त्याने सात-आठ वर्षे वाटाण्याची हजारो झाडे लावली. पिवळ्या दाण्याच्या व हिरव्या दाण्याच्या वाटाण्याचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे आले. हिरवा गेला असे वाटले. पण त्यांच्याच पुढच्या पिढीत तीन पिवळे तर एक हिरवा या हिशेबाने हिरवा परत आला. यावरून त्याने ताडले की प्रत्येक गुणाच्या जणू दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. त्यांतली एक जोरकस असेल तर दुसरी गप्प बसते, पण नाहीशी होत नाही. दोन गप्प चिठ्ठ्या एकत्र आल्या की लपलेला गुण उघडा पडतो. मेंडेलने हे १८६५ साली विद्वानांपुढे वाचले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली तो वारला आणि १९०० साली जगाला त्याची आठवण झाली.

आता मुलामुलीचा प्रश्न. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईने पिठातल्या किड्यांवर अभ्यास केला. ज्या पिठातल्या किड्यांना आपण चाळणीने चाळून टाकतो, त्यांच्यावर या बाईने शोध लावला! तिला असे दिसले की नराच्या बीजांत दोन प्रकार असतात व मादीच्या बीजांत एकच. नराचे कोणते बीज लागू पडते त्यावर नर की मादी हे ठरते. माणसातही तसेच आहे. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, ही नेमकी संख्या १९५६ साली समजली. २३ आईची, २३ बापाची. त्यांतल्या एका जोडीत आईकडून नेहमी एक्सच येते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे मुलगा-मुलगी ठरते ते बापाकडून येणाऱ्या बीजावर. त्यातही बापाच्या इच्छेचा काही संबंध नाही. मग दोष तरी कोणाचा? कोणाचाच नाही. परंतु आजवर किती सुना यापायी माहेरी धाडल्या गेल्या, किती जणींच्या उरावर सवत आली! गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात प्रथम आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला, पुढे १९९४ साली तो सर्व देशासाठी झाला. तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे ८९४ च मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. हा आकडा वाचून मान खाली जाते.

ज्यांना मी चिठ्ठ्या म्हटले त्या लिहिलेल्या असतात डीएनए नावाच्या पदार्थावर. १८६९ साली मीशर नावाच्या स्विस डॉक्टराला तो प्रथम सापडला, तोही इस्पितळातल्या जखमांच्या पट्ट्यांवरील पुवात. गुण वाहून नेणारा पदार्थ हाच, हे १९४४ साली अमेरिकेत दिसून आले. त्याचा आकार दोन पेडी पिळलेल्या दोरासारखा असतो, हे १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी जाहीर केले. त्यांना आधार झाला तो रोझलिंड फ्रँकलिन या बाईच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांच्या चित्रांचा. १९५८ साली ती अवघ्या सदतीस वर्षांची असताना वारली. १९६२ चे नोबेल पारितोषिक पुरुषांना मिळाले. या दोरावर चारच अक्षरे असतात, आणि त्या अक्षरांचा अर्थ लावण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ साली नोबेल मिळाले. ते पंजाबातल्या एका लहान खेड्यातील पटवाऱ्याचे पुत्र.

आपल्या मराठी माणसांचाही या इतिहासात वाटा आहे. इरावतीबाई कर्वे या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. त्या शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. तेथील त्यांच्या प्राध्यापकांची अशी समजूत होती की कवटीच्या ठेवणीवरून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व सिद्ध होईल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक दिसत नाही, हेच आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच गुरूच्या मताविरुद्ध एका तरुण मराठी बाईने खरे ते लिहिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच देशात रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली लक्षावधी माणसे मारली गेली. पुढे बाईंनी गावोगाव हिंडून भारतातील नातेसंबंधांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडे नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेकडे ते आवडीचे, आणि महाराष्ट्र दोहोंच्या मधोमध, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, किंबहुना हक्काची मानतात, हे मी कोणाला सांगावयास नको.

दुसरी हकीकत मुंबईची. १९५२ साली डॉक्टर भेंडे, डॉक्टर देशपांडे व डॉक्टर भाटिया यांनी विलायतेतील शास्त्रज्ञांच्या मदतीने एक नवा रक्तगट जगापुढे ठेवला. ए, बी, एबी व ओ हे गट आपण ऐकून आहोत. ए आणि बी हे गुण एच नावाच्या पायावर उभे असतात; ओ गटात नुसता पायाच असतो. या नव्या गटाच्या माणसांत तो पायाच नाही. त्याला बॉम्बे रक्तगट असे नाव पडले आणि आजही जगभर तेच चालते. साध्या तपासणीत हे रक्त ओ सारखे दिसते, परंतु या माणसाला ओ रक्त दिले तर जिवावर बेतते. त्याला त्याच गटाचे रक्त लागते. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक जण असा निघतो. आईबापांकडून एकेक गप्प चिठ्ठी आली तरच हा गट होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो अधिक दिसतो. या शोधाने बायांवरचा एक अन्यायही टळू शकतो. आईबाप दोघेही तपासणीत ओ आणि मूल ए निघाले, तर लोक बाईच्या शीलावर संशय घेतील. परंतु ती बाई बॉम्बे गटाची असेल, तर तिच्यात ए लपून बसलेला असू शकतो. ती निर्दोष असते.

आता घरचे सांगते. माझी आत्या हीच माझी सासू. माझी धाकटी बहीणही त्याच घरात दिलेली, म्हणजे तीच माझी जाऊ. तिचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा असल्यापासून पांढराफटक पडू लागला. आम्ही दृष्ट काढली, तुळजापूरला नवस बोललो. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, थॅलेसेमिया. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरावे लागे. नवव्या वर्षी तो गेला. घरातले सगळे बहिणीलाच बोलले, तिचा पायगुण वाईट म्हणाले. मी मोठी असून गप्प बसले, ते मला आजही खाते. आज कळते की तिच्यात एक गप्प चिठ्ठी होती आणि भाऊजींतही तशीच एक. दोघांनाही ती बहुधा एकाच आजोबांकडून आलेली. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजाराचा धोका चारांत एक, नुसती चिठ्ठी वाहण्याचा संभव चारांत दोन, आणि सर्वस्वी मोकळे असण्याचा चारांत एक. माझी दोन्ही मुले धडधाकट निघाली, तिचा मुलगा गेला. यात माझे पुण्य नाही की तिचे पाप नाही.

नात्यातल्या लग्नांची सगळीच मुले आजारी होत नाहीत, बहुसंख्य चांगलीच होतात. परक्या घरच्या लग्नातही शंभरात दोन-तीन मुलांत जन्मजात मोठा दोष असतोच. चुलत-मामेभावंडांच्या लग्नात तो धोका साधारण दुप्पट होतो. आणि मामा-भाचीच्या लग्नात रक्त त्याहूनही जवळचे असते. म्हणून ज्यांची लग्ने झाली आहेत त्यांनी घाबरू नये, कोणी कोणाला हिणवू नये. ज्यांची व्हावयाची आहेत त्यांनी मात्र कुंडलीबरोबर रक्ताचीही तपासणी करावी. थॅलेसेमिया परक्यांतही आढळतो, म्हणून नाते नसले तरी ती करावी. ती साध्या रक्ताचीच असते.

माझ्या भावाची मुलगी माझ्या मुलाला, हे दोघे पाळण्यात असल्यापासून ठरलेले होते. पोर गुणी आहे, माझ्या मनात भरलेली आहे. मागील वर्षी मी मुलाचे रक्त तपासले. ती चिठ्ठी त्याच्यात आहे. त्याला स्वतःला काही त्रास नाही, होणारही नाही. मी भावाला म्हटले, "दादा, पोरीचेही रक्त तपास. नाही तर हे लग्न नको." त्याला तो अपमान वाटला. "माझ्या लेकीत खोट काढतेस?" असे म्हणून तो उठून गेला. मागच्या भाऊबीजेला तो आला नाही.

शेळीच्या बाबतीत जी अक्कल आपण चालवतो, ती लेकरांच्या बाबतीत चालवताना नाती आड येतात. तरी बहिणीच्या वेळी मी गप्प बसले तशी आता बसणार नाही. या भाऊबीजेला ओवाळणीचे ताट घेऊन मीच त्याच्या दारी जाणार आहे. बहिणीनेही बरोबर येण्याचे कबूल केले आहे.

आपल्या मंडळाने रक्ततपासणीचे एक शिबिर गावात भरवावे, अशी माझी सूचना आहे. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.