अज्ञात आकाशप्रकाश व त्यांचा लष्करी तपास

रात्रीच्या आकाशात दिसणारा आणि पाहणाऱ्यास ज्याचा तत्काळ उलगडा होत नाही असा प्रकाश म्हणजे अज्ञात आकाशप्रकाश होय. ‘उडत्या तबकड्या’ या लोकप्रिय नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषयाचा हा सर्वांत मोठा भाग आहे. अशा प्रकाशाकडे ज्योतिर्विद आणि सैनिक वेगवेगळ्या हेतूंनी पाहतात. ज्योतिर्विदाचा प्रश्न ‘हे काय आहे?’ असा असतो. सैनिकाचा प्रश्न ‘हे शत्रूचे आहे काय?’ असा असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावाचून मिळत नाही, हा या विषयाच्या इतिहासाचा मुख्य धडा आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या आकाशाशी हा इतिहास दोन प्रकारे निगडित आहे : एक १९४८ मधील राजकीय घटनांमुळे व दुसरा हैदराबादहून सोडल्या जाणाऱ्या वैज्ञानिक फुग्यांमुळे.

मराठवाड्याची पार्श्वभूमी : आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. (लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला.) भारत सरकारने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली असता फ्रेडरिक सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ च्या मध्यास कराचीहून लँकास्ट्रियन जातीच्या विमानांनी निजामासाठी शस्त्रे आणण्याचा व्यवहार चालविला. ही विमाने रात्रीचा आश्रय घेत आणि बीदर, वरंगळ यांसारख्या धावपट्ट्यांवर उतरत. बीदर हे उदगीर व देगलूर या तालुक्यांना लागून असलेल्या जिल्ह्याचे ठिकाण आहे. अंधारात एकाकी विमान शोधून अडविणे त्या काळातील साधनांनी अवघड होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले व हा व्यवहार संपला. रात्रीच्या आकाशातील अनोळखी हालचालीमागे खरोखरच शस्त्रे असू शकतात, याचे हे या प्रदेशातील उदाहरण होय. सैनिकी दक्षतेला म्हणून अंधश्रद्धा मानता येत नाही.

पाश्चात्त्य देशांतील तपास : अमेरिकेत २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील पर्वतांवर नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द रूढ झाला. शीतयुद्धाचा तो आरंभकाळ होता. अमेरिकी हवाई दलाने प्रथम ‘साइन’, नंतर ‘ग्रज’ आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’ या नावांनी तपासयोजना चालविल्या. १९६९ मध्ये ब्लू बुक बंद करण्यात आली, तोवर एकूण १२,६१८ नोंदी तपासल्या गेल्या होत्या. त्यांपैकी ७०१, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के, अनिर्णीत राहिल्या. उरलेल्यांचा उलगडा मुख्यत्वे ग्रह, तारे, उल्का, विमाने व फुगे यांवरून झाला. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाच्या अहवालानंतर ही योजना गुंडाळण्यात आली.

१९५३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता खात्याने नेमलेल्या रॉबर्टसन समितीने एक मार्मिक मुद्दा मांडला होता. प्रकाशांपासून धोका आहे असे समितीला आढळले नाही. पण त्यांविषयीच्या असंख्य वार्तांनी संदेशवहनाची यंत्रणा तुंबली, तर खऱ्या हल्ल्याची सूचना त्यात हरवून जाईल, अशी भीती तिने व्यक्त केली. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने पन्नासहून अधिक वर्षे अशा वार्ता स्वीकारल्या. त्यांपैकी एकीतूनही देशाला धोका असल्याचे दिसून आले नाही, असे सांगून २००९ मध्ये हे काम थांबविले. फ्रान्समध्ये हे काम १९७७ पासून लष्कराकडे न राहता तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन केंद्राकडे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये त्यासाठी पुन्हा स्वतंत्र कार्यालय स्थापिले. त्या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक आढाव्यात परग्रहावरील तंत्रविद्येचा कोणताही पुरावा आढळला नसल्याचे नमूद केले आहे.

गुप्तता आणि गूढ : काही गूढे लष्करी गुप्ततेतूनच जन्मली. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात कॅप्टन टॉमस मँटेल हा वैमानिक आकाशातील एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करीत प्राणवायूच्या पुरवठ्यावाचून फार उंच गेला आणि विमान कोसळून मरण पावला. ती वस्तू बहुधा अमेरिकी नौदलाचा ‘स्कायहुक’ नावाचा प्रचंड फुगा होती. परंतु ती योजना त्या वेळी गुप्त असल्याने तिची माहिती मँटेलला वा त्याला सूचना देणाऱ्या विमानतळाला नव्हती. १९४७ मध्ये रॉझवेल येथे सापडलेले अवशेषही सोव्हिएट अणुस्फोटांचा मागोवा घेणाऱ्या ‘मोगल’ या गुप्त योजनेतील फुग्यांचे होते, असे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये जाहीर केले. मधल्या काळात त्या घटनेभोवती दंतकथांचे मोठे जाळे विणले गेले होते.

लडाखमधील प्रकरण : भारतातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण लडाखचे आहे. ऑगस्ट २०१२ पासून पँगाँग सरोवराच्या परिसरातील भूसेना व भारत-तिबेट सीमा पोलीस दल यांच्या चौक्यांवरून पिवळसर प्रकाशगोल दिसू लागल्याच्या नोंदी येऊ लागल्या. ते चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, काही तास आकाशात संथपणे सरकत व मग दिसेनासे होत. ही चीनची टेहळणी करणारी मानवरहित विमाने असावीत असा संशय होता. फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या व त्यांपैकी १५५ वेळा प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडली गेल्याचे मानण्यात आले. लष्कराने फिरते रडार व वर्णपट विश्लेषक आणून पाहिले. रडारावर काहीच उमटले नाही. त्यावरून वस्तू धातूची नसावी असा तर्क करण्यात आला. वस्तू रडाराच्या पल्ल्याच्या कोट्यवधी किलोमीटर पलीकडे असू शकते, हा दुसरा अर्थही त्यातून निघत होता.

अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या ज्योतिर्विदांची मदत घेण्यात आली. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे आहे. ज्योतिर्विदांनी सैनिकांना तीनच गोष्टी काटेकोरपणे टिपण्यास सांगितले : प्रकाश दिसल्याची वेळ, त्याची दिशा (दिगंश) आणि क्षितिजापासूनची त्याची कोनीय उंची (उन्नतांश). या नोंदी ग्रहांच्या गणिती स्थानांशी ताडून पाहता एक प्रकाश गुरूचा व दुसरा शुक्राचा असल्याचे स्पष्ट झाले. हा निष्कर्ष जुलै २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील आकाशस्थितीशी तो जुळणारा आहे. शुक्र ऑगस्ट २०१२ मध्ये पहाटेच्या आकाशात ठळकपणे तळपत होता. गुरू ३ डिसेंबर २०१२ रोजी प्रतियुतीत आला, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास उगवून रात्रभर दिसू लागला. लडाखच्या उंचीवर हवा विरळ व निर्मळ असल्याने तेथे नव्याने गेलेल्या सैनिकास ग्रह नेहमीपेक्षा तेजस्वी वाटतात. शिवाय सीमेवर मानवरहित विमानांचा वापर वाढत असल्याने मनाची तयारीही त्याच दिशेने झालेली होती.

या चुकीकडे केवळ गंमत म्हणून पाहणे योग्य नाही. एप्रिल-मे २०१३ मध्ये त्याच लडाखमधील देपसांग पठारावर भारत व चीन यांचे सैनिक सुमारे तीन आठवडे समोरासमोर उभे होते. अशा वेळी दीडशेहून अधिक ‘घुसखोऱ्यां’ची नोंद दप्तरी असणे किती गंभीर ठरू शकते, हे सांगावयास नको. त्याचबरोबर ती नोंद चिकाटीने ठेवली गेली, म्हणूनच उलगडा शक्य झाला, हेही खरे.

हैदराबादचे फुगे : लडाखच्या ग्रहांप्रमाणे नांदेड-लातूरच्या आकाशालाही स्वतःचा असा एक फसवा पाहुणा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे-उड्डाण केंद्र हैदराबाद येथे १९६९ पासून आहे. तेथून साधारणतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या काळात विश्वकिरण, अवरक्त ज्योतिषशास्त्र, वातावरणविज्ञान इ. विषयांच्या उपकरणांसह मोठे फुगे सोडले जातात. पातळ पॉलिएथिलीनचे हे फुगे हायड्रोजनने भरलेले असतात. त्यांचा व्यास ५० ते ८५ मी. व गाठावयाची उंची ३० ते ४२ किमी. असते. उड्डाण बहुधा रात्री ८ ते सकाळी ६·३० या वेळात होते. काम संपल्यावर उपकरणे फुग्यापासून सुटी करून हवाई छत्रीने खाली उतरविली जातात. निरनिराळ्या उंचीवरील वारे निरनिराळ्या दिशांनी वाहत असल्याने ती तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक वा महाराष्ट्रात कोठेही उतरू शकतात. म्हणून अशा उड्डाणांपूर्वी संबंधित जिल्ह्यांच्या प्रशासनाला व जनतेला सूचना दिली जाते आणि तीत नांदेड व लातूर या जिल्ह्यांची नावे असतात. सापडलेली उपकरणे न उघडता पोलिसांना कळवावे, असे त्यात सांगितलेले असते. याच केंद्रातून २००५ मध्ये झालेल्या एका उड्डाणात सुमारे २० ते ४१ किमी. उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले व त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. या प्रयोगाचे प्रमुख संशोधक जयंत नारळीकर होते. तीन जातींपैकी एकीला त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव देण्यात आले.

असा फुगा गूढ का भासतो, हे साध्या भूमितीने समजते. ३५ किमी. उंचीवरून क्षितिज सुमारे ६ अंश खाली दिसते. त्यामुळे जमिनीवर सूर्योदय होण्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधीच फुगा उन्हात न्हाऊन निघतो व सूर्यास्तानंतरही तेवढाच वेळ उजळलेला राहतो. खाली अंधार वा संधिप्रकाश, झाडाचे पानही हलत नाही आणि वर एक शुभ्र ठिपका आवाज न करता स्थिर उभा किंवा अतिशय मंद सरकणारा, असे दृश्य दिसते. सूर्य मावळताच तो काही क्षणांत तांबूस होऊन विझतो.

इतर कारणे : बीदर येथे भारतीय वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र असून २००८ पासून तेथे हॉक जातीची विमाने आहेत. विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा व उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो. विमान थेट निरीक्षकाकडे येत असल्यास त्याचा पुढील प्रखर दिवा बराच वेळ एकाच जागी असल्यासारखा वाटतो. २ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी विदर्भ, उत्तर महाराष्ट्र व मध्य प्रदेश येथून दिसलेली अग्निरेषांची रांग ही चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचा वातावरणातील पुनःप्रवेश होता असे मानले जाते; चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात त्या वेळी सुमारे ३ मी. व्यासाचे धातूचे कडे पडले. २०१९ पासून एकाच वेळी अनेक कृत्रिम उपग्रह सोडले जात असल्याने दिव्यांच्या माळेसारखे दृश्यही आकाशात दिसते. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना इ. जिल्ह्यांतील गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने लोकांनी रात्री जागून काढल्या. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात ड्रोनांचा प्रत्यक्ष वापर झाला असल्याने ही भीती यापुढे निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. ती तपासूनच घ्यावी लागेल.

निर्णयाची रीत : खरा भेद अंतरावरून कळतो आणि अंतर लंबनाने, म्हणजे दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या दिशांमधील फरकाने ठरते. नांदेड व लातूर यांची भौगोलिक स्थिती या कामास विशेष अनुकूल आहे. दोन्ही शहरे हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे २३० किमी. आहेत व त्यांचे परस्परांतील अंतर सुमारे ११० किमी. आहे. हैदराबादवर ३५ किमी. उंचीवर असलेला फुगा दोन्ही ठिकाणांहून क्षितिजावर सात-आठ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित कमी उंचीवर दिसेल. मात्र नांदेडहून तो आग्नेयेपेक्षा दक्षिणेकडे झुकलेला, तर लातूरहून आग्नेयेपेक्षा पूर्वेकडे झुकलेला दिसेल; दोन्ही दिशांतील फरक सुमारे २८ अंश येईल. शुक्र किंवा गुरू असेल, तर हा फरक एखाद्या अंशाचाच राहील. दुसरी खूण काळाची आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात व गुरूसारखा ग्रहही जवळजवळ तीच चाल ठेवतो. महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. रोज जवळजवळ त्याच जागी आणि थोडा थोडा आधी येणारा प्रकाश शत्रूचा असण्याचा संभव नाही.

लडाखमध्ये रडाराला जे जमले नाही, ते घड्याळ व कोनमापन यांनी साधले. नांदेड-लातूरमध्ये तेच काम दोन गावांतील दोन माणसे, एक होकायंत्र व दूरध्वनी यांच्या साहाय्याने करू शकतात. फुग्यांच्या उड्डाणाची सूचना जिल्हा कार्यालयातून गावापर्यंत वेळेवर पोहोचली, तर गूढाचा मोठा भाग तेथेच संपतो. मँटेलला अशी सूचना मिळाली नव्हती. एवढे करूनही जो प्रकाश अज्ञात राहील, त्याकडेच सैनिकाने आणि ज्योतिर्विदाने खऱ्या अर्थाने लक्ष पुरवावे. आणि तो शेकडो खोट्या वार्तांत हरवू नये, हाच अशा तपासाचा अंतिम हेतू आहे.