नगरच्या तटाआडचे परदेशी

आमचे युसूफ वडगाव 1948 पर्यंत निजामी मुलखात. इंग्रजी अंमल पश्चिमेला नगरकडे. त्या नगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला म्हटला की वर्गातली पोरे एकसुरात ‘नेहरू’ म्हणतात. खरेच आहे, 1942 च्या ऑगस्टपासून ते तिथे बंदिवान होते. पण मी त्यांना आधीचे कैदी सांगतो.

1901 साली इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी समुद्रापार आणून या किल्ल्यात कोंडले. पहिल्या महायुद्धात नगरच्या लष्करी छावणीत जर्मन आले. त्यांत व्यापारी होते, मिशनरीही होते.

1939 ला पुन्हा तेच. नंगा पर्वत न्याहाळून कराचीत उतरलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हॅरर थेट नगरला पोचला. तो नाझी पक्षाचा, तेव्हा संशय अगदीच अनाठायी नव्हता म्हणा! पण लामा गोविंद? जन्माने जर्मन, वृत्तीने बौद्ध साधू आणि कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन. तेही तारांआड! नेहरू घराण्याशी असलेला स्नेह त्यांना भोवला म्हणतात.

पुढे दोघांनाही डेहराडूनला हलवले. हॅरर 1944 मध्ये तिथून निसटून तिबेटात गेला. गोविंद सुटले 1945 साली. नेहरूही त्याच वर्षी.