परिपाठातील जोडलेले हात

धर्म न मानणारा पालक धर्मसंस्थेच्या शाळेत मूल घालतो, तेव्हा त्याच्यावर विसंगतीचा आरोप सहज होतो. परंतु आधुनिक विद्या आणि धर्मोपदेश आपल्याकडे पुष्कळदा एकाच दारातून आले, हे लक्षात घेतले पाहिजे. मुंबईत १८३९ साली जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. शाळा पत्करायची ती उपदेशासह, नाहीतर सोडायची; पालकाच्या हाती एवढेच होते.

तिसरा मार्ग १९५० साली राज्यघटनेने दिला. अनुच्छेद २८ (३) नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्यावर पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. म्हणजे शाळेत राहूनही उपासनेपासून दूर राहता येते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. देवदेवतांची उपासना करणार नाही, ही त्या दीक्षेतील प्रतिज्ञा. बौद्ध कुटुंबाला निधर्मी म्हणणे बरोबर नव्हे. पण परिपाठात सरस्वतीच्या तसबिरीपुढे मुलाने काय करावे, हा प्रश्न त्याला आणि नास्तिक पालकाला सारखाच पडतो.

येथे एक भेद राखला पाहिजे. मराठीच्या तासाला अभंग शिकणे ही उपासना नव्हे. धर्मांविषयीचा अभ्यास आणि धर्मशिक्षण या गोष्टी निराळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केले. तुकाराम नाकारणारा पालक मुलाला भाषेलाच पारखा करील. आक्षेप घ्यायचा तो हात जोडण्याच्या सक्तीवर.

ही सक्ती प्रौढालाही सहजी टाळता येत नाही. नाशिकचे शिक्षक संजय साळवे प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यापायी त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. अशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग ठरते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो २०१३ साली. शिक्षकाला न्यायालयापर्यंत जावे लागले, तेथे दहा वर्षांच्या मुलाने रांगेत एकट्याने हात न जोडण्याचे धैर्य दाखवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. घटनेने संमती पालकाकडे मागितली आहे. तेव्हा नकारही पालकानेच, प्रवेशाच्या वेळी, मुख्याध्यापकांना लेखी कळवावा. त्यानंतर मित्रांबरोबर गाण्याची इच्छा मुलाला झालीच, तर त्याला गाऊ द्यावे.