आकडीवरचा गांजा आणि त्याचे अनुपान
गांजाची राळ पाण्यात विरघळत नाही. तिला मद्यार्क लागतो, नाहीतर तूप-तेल. आकडीवर या वनस्पतीचा उपयोग करू पाहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या याच गोष्टीने अडवले.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये या औषधावरचे आपले प्रयोग मांडले. आचके येणाऱ्या एका तान्ह्या मुलीच्या जिभेवर त्यांनी राळेच्या मद्यार्कातील अर्काचे दोन थेंब टाकले, दीड तासाने आणखी दोन. मूल शांत झोपी गेले. शहरात माजूम नावाची भांगेची मिठाई कशी करतात, हेही त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. भांग, तूप आणि पाणी मंद आचेवर सतत ढवळायचे. भांड्याच्या कडेला तूप तडतडू लागले की पाणी आटले असे समजायचे आणि मिश्रण गरम असतानाच फडक्यातून पिळून घ्यायचे. गुण सगळा त्या तुपात उतरे. आयुर्वेदातही अपस्मारावर ब्राह्मीघृतासारखी सिद्ध तुपे आहेतच.

युरोप-अमेरिकेत मात्र मद्यार्कातला अर्कच रूढ झाला. त्याची ताकद दर खेपेला वेगळी निघे. एका बाटलीने गुंगी यावी आणि दुसरीने काहीच होऊ नये, अशा औषधावर डॉक्टरांचा विश्वास बसणार तरी कसा? १९४२ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातून ते वगळले गेले.

गांजातला नशा न आणणारा कॅनाबिडिऑल हा घटक रॉजर अ‍ॅडम्स यांनी १९४० मध्येच वेगळा केला होता. राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये त्याची नेमकी रचना उलगडली. ब्राझीलमध्ये १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ रुग्णांना या घटकाच्या कॅप्सूल दिल्या. चौघांचे झटके जवळजवळ थांबले. संख्या लहान होती, पण मोलाची.

अमेरिकेत २०१८ मध्ये कॅनाबिडिऑलच्या ‘एपिडायोलेक्स’ या औषधाला मान्यता मिळाली, ती ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या बालवयात सुरू होणाऱ्या आकडीच्या हट्टी आजारांसाठी. हे द्रावण तिळाच्या तेलातले. एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल. तरीही तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा फार थोडा अंश रक्तात पोचतो, कारण बराचसा यकृतातच मोडतो. स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास हे प्रमाण उपाशीपोटीपेक्षा सुमारे चौपट होते. म्हणून ते रोज एकाच पद्धतीने, एकतर जेवणासोबत नाहीतर जेवणाशिवाय, घ्यावे लागते. आतड्यात गेल्यावर आपोआप सूक्ष्म थेंबांत विखुरणारी तैलमिश्रणे याच कारणाने आजमावली जात आहेत.