जुन्या गाडीचा ब्रेक पाइप गळतोय? जोड नको, पाइपच बदला

माझ्या वीस वर्षं जुन्या कारचं ब्रेक पेडल एक दिवस नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. खाली वाकून पाहिलं, तर मागच्या चाकाकडे जाणारा लोखंडी पाइप गंजून ओला झालेला. मेकॅनिक म्हणाला, "खराब तुकडा कापून जोड देतो." मी नको म्हटलं.

कारण जोरात ब्रेक दाबला की या पाइपमधला दाब टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त होतो. नुसता आवळून बसवलेला जोड तेव्हा सटकू शकतो. शिवाय एका जागी गंजलेला पाइप बाकी ठिकाणीही पातळ झालेला असू शकतो.

मग आम्ही काय केलं?

१. कारखान्यातल्या एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत अख्खा पाइप बदलला. तांबं-निकेल मिश्रधातूचा घेतला. तो गंजत नाही.

२. आधी नट ओवले, मग टोकांना डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडलेली कड, केली.

३. सीलबंद डब्यातलंच ब्रेक ऑइल भरलं, कारण उघडं ऑइल ओलावा शोषतं. ग्रेड टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. मग एअर काढली.

४. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं आणि सगळे जोड तपासले.

पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. गळका पाइप असेल तर गॅरेजपर्यंतसुद्धा टोइंग करूनच न्या.