टाके ‘विरघळतात’ म्हणजे नेमके काय होते?

“डॉक्टर, टाके काढायला कधी येऊ?” जानेफळहून मेहकरला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून “हे टाके आपोआप विरघळतील” असे सांगितले की रुग्णाला हायसे वाटते. पण तो धागा जातो कुठे?

ही गोष्ट जुनी आहे. फाटलेले आतडे जोडायला सुश्रुतसंहितेत काळ्या मुंग्यांचा उपाय सांगितला आहे. मुंगीने दोन्ही कडा चावून धरल्या की धड तोडायचे. डोके आतच राहायचे. पुढे मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून केलेला ‘कॅटगट’ धागा जगभर रूढ झाला. १८६९ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी तो कार्बोलिक आम्लात भिजवून जंतुमुक्त करण्याचा मार्ग सांगितला. हा धागा आपल्या पेशी पचवतात. त्यामुळे सूज येते आणि तो किती दिवस टिकेल याचा नेम नसतो.

१९६० च्या दशकात संशोधक पॉलिग्लायकोलिक आम्लाकडे वळले. हे पॉलिमर ओलाव्यात टिकत नसे, म्हणून इतर कामांसाठी ते मागे पडले होते. शरीरात मात्र तोच दोष गुण ठरला! त्यापासून ‘डेक्सॉन’ धागा आला आणि १९७४ मध्ये त्याच कुळातला ‘व्हिक्रिल’.

पॉलिमर म्हणजे लांब साखळी. शरीरातले पाणी तिच्या कड्या एकेक करून तोडते. उरलेल्या साध्या आम्लांचे शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते.

पण लक्षात ठेवा: धाग्याची ताकद आधी जाते, धागा नंतर. व्हिक्रिलची निम्मी ताकद साधारण ३ आठवड्यांत संपते. पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात. तोवर जखमेने स्वतः ताकद धरायला हवी.

याच कुळातल्या पॉलिमरचे स्क्रू आणि स्टेंटही निघाले. ‘अ‍ॅब्सॉर्ब’ या विरघळणाऱ्या स्टेंटला २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पण त्यात रक्ताच्या गुठळ्या धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त आढळल्या आणि २०१७ मध्ये विक्री थांबली. ‘विरघळणारे’ म्हणजे आपोआप सुरक्षित, असे नव्हे.

म्हणून टाके काढायचे नसले तरी तपासणी चुकवू नका. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पोते, हंडा उचलू नका. धाग्याचे टोक बाहेर आले तर ओढू नका. पू, ताप किंवा वाढती सूज दिसली तर मजुरी बुडाली तरी चालेल, त्याच दिवशी दवाखान्यात या.