खजिन्यातील तूट आणि मुलाचा हक्क

प्रत्येक शिक्षणसंस्थेत दोन वह्या असतात : एक हजेरीची, दुसरी जमाखर्चाची. पैशाची ओढाताण सुरू झाली की दुसऱ्या वहीची तोंडमिळवणी करण्यासाठी पहिल्या वहीतील नावे गाळण्याचा मोह होतो, आणि कात्री बहुधा प्रथम अपंग मुलावर चालते. या दृष्टीने अमेरिकेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

१९७१ साली वॉशिंग्टन शहरातील सात मुलांच्या वतीने तेथील शिक्षण मंडळावर दावा दाखल झाला. त्यांपैकी पीटर मिल्स या मुलाच्या नावाने तो ओळखला जातो. मतिमंद, चंचल किंवा त्रासदायक ठरवून या मुलांना शाळेबाहेर ठेवले होते. शहरातील अशा सुमारे २२,००० मुलांपैकी तब्बल १८,००० मुलांना विशेष शिक्षण मिळत नसल्याचा अंदाज होता. मंडळाने आपले कर्तव्य नाकारले नाही. अमेरिकन काँग्रेसने लक्षावधी डॉलर मंजूर केल्याखेरीज आपण काही करू शकत नाही, एवढाच त्याचा बचाव होता.

न्यायमूर्ती जोसेफ वॅडी यांनी १ ऑगस्ट १९७२ रोजी निकाल दिला. पैसा अपुरा असेल तर आहे तो अशा रीतीने खर्च करावा की एकही मूल शिक्षणापासून पूर्णतः वंचित राहू नये. तुटीचा भार अपंग मुलावर इतरांपेक्षा अधिक पडता कामा नये, असा त्याचा आशय होता.

पेनसिल्व्हेनियातील अशाच दाव्याची व या निकालाची परिणती १९७५ च्या कायद्यात झाली. प्रत्येक अपंग मुलाला, शक्य तेथवर इतर मुलांच्या सोबतीने, मोफत शिक्षण मिळावे असे त्याने ठरविले. सरासरी दरडोई खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राने उचलावा असे योजिले होते. तेवढा वाटा आजवर कधीच मिळाला नाही. तथापि शालेय जिल्ह्यांच्या हिशेबांवर देखरेख आली. या मुलांवरील स्थानिक खर्च सहसा मागील वर्षापेक्षा कमी करता येत नाही.

परंतु देखरेख हीदेखील दुधारी तलवार आहे. टेक्सासच्या शिक्षण खात्याने २००४ साली शालेय जिल्ह्यांच्या तपासणीसाठी एक निकष घातला : विशेष शिक्षण घेणारी मुले ८.५ टक्क्यांहून अधिक नसावीत. प्रमाण वाढले तर चौकशीचा ससेमिरा! पाहता पाहता राज्यातील प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून त्या आकड्यापर्यंत घसरले. मुले बरी झाली नव्हती. ती मोजली जात नव्हती. २०१६ साली ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राने हे उघडकीस आणले, २०१७ मध्ये राज्याने ही मर्यादा कायद्याने बंद केली, आणि २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने कायदेभंग झाल्याचा निष्कर्ष काढला.

आपल्या देशातही अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना १९७४ मध्ये सुरू झाली, आणि २०१६ च्या कायद्याने समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. समाजाच्या देणग्यांवर चालणाऱ्या आपल्या संस्थांना तूट काही नवीन नाही. अशा वेळी कुरआन शरीफमधील 'अबस' या सूरेचा प्रसंग आठवावा. कुरैशांच्या प्रतिष्ठितांशी बोलणे चालू असताना एक अंध सहाबी ज्ञानाच्या ओढीने आले. त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये अशी ताकीद थेट अल्लाहकडून आली. दारात आलेला असा विद्यार्थी ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. हिशेब तपासनिसाला द्यावयाचा असतो. अमानतीचा जाब मात्र त्याच्याही वर द्यावा लागतो.